आप्पांची उजवी बाजू

“म्हैस तालमीची, मग दूध एकट्याच्याच पोटात का?” फडतरे अण्णांनी मातीत उभं राहून विचारलं, आणि हौद्याच्या कठड्यावर बसलेली सगळी मंडळी एकदम छपराकडे बघायला लागली.

अण्णांनी नाव घेतलं नाही, पण घ्यायची गरजही नव्हती. आमच्या तालमीला दोन म्हशी होत्या. त्यातल्या चांदीचं दोन्ही वेळचं दूध आप्पा काटकरांकडे जायचं. टीममधल्या बाकी दहा जणांना दुसरीचं, आणि ती दुसरी एवढी लहरी की मनात आलं तर शेरभर द्यायची, नाहीतर लाथ. शिवाय आप्पांना रोज चार अंडी, रविवारी मटण आणि दर मोसमाला थेट जालंधरहून मागवलेल्या तीन हॉकी स्टिक. आम्ही बाकीचे गावच्या सुताराकडून सांधून घेतलेल्या स्टिकवर खेळायचो आणि त्या मोडल्या की त्याच सुताराला शिव्या द्यायचो.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, सोसायटीत कारकुनी करत होतो, हिंगणमाळच्या हॉकी टीमचा गोलकीपर होतो आणि तालमीचा चिटणीसही. आसपासच्या गावांना हसू यायचं, की सातारा जिल्ह्यातलं गाव आणि कुस्ती-कबड्डी सोडून हॉकी काय खेळतंय. पण आमचं गाव पडलं फौजींचं. घरटी एक माणूस पलटणीत. त्याच्याही तीस वर्षं आधी सुभेदार मेजर गणपतराव निकम पेन्शनीवर आले ते ट्रंकेत आठ स्टिक घेऊनच. तेव्हापासून गावाला हे वेड लागलं. कुस्ती हळूहळू मागे पडली आणि तालमीतला लाल मातीचा हौदा तेवढा राहिला.

तो हौदा मेजरसाहेबांनी वाया जाऊ दिला नाही. त्यांनी नियम घालून दिला होता. बैठकीला सगळ्यांनी कठड्यावर बसायचं. ज्याला बोलायचं असेल त्यानं चपला काढून मातीत उतरायचं, चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि मगच तोंड उघडायचं. “माती लावून खोटं बोललेला गडी मी अजून बघितला न्हाई,” असं ते अभिमानानं सांगायचे. बघितला नव्हता, कारण ज्याला खोटं बोलायचं असेल तो उतरतच नसे.

या नियमाला एकच सूट होती. जो बैठकीची वही लिहितो त्यानं उतरायचं नाही, कारण मातीचे हात वहीला लागतात. मी चिटणीस झालो तो या सवलतीपायीच म्हटलं तरी चालेल. एरवी माझं तोंड कधी बंद नसायचं. टीममध्ये मला भोंगा म्हणायचे, इतका मी गोलमध्ये उभा राहून ओरडायचो. पण त्या रविवारी दुपारी मी जी मान खाली घातली होती ती वर करायला तयार नव्हतो.

कारण तसंच होतं. सकाळी नदीपलीकडच्या साखर कारखान्याचे शेती अधिकारी मोहिते जीप घेऊन आले होते. कारखान्याची टीम नवी, हौस दांडगी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आप्पा काटकर आम्हाला द्या, बदल्यात आमचे जगताप बंधू न्या. मोहिते चहा पिऊन गेले आणि चार वाजता उत्तराला येतो म्हणाले. ज्याच्याबद्दल बैठक तो बैठकीला बसत नाही, म्हणून आप्पा बाहेर गोठ्याकडे चांदीपुढे वैरण टाकत होते.

“आप्पाला वय झालं एकुणचाळीस,” फडतरे अण्णा पुढे म्हणाले. अण्णा तालमीचे खजिनदार. पलटणीत क्वार्टरमास्तरकडे होते, आणि कुठलीही वस्तू खपली की त्यांना अजूनही मनापासून दुःख व्हायचं. “पलटणीत असताना लई खेळला, मोठ्या मोठ्या टीममधनं खेळला, मी कुठं न्हाई म्हणतुय? पण गेल्या साली आपण पहिल्याच फेरीत घरी आलो. औंदाबी तीच गत. जगतापाची पोरं एक एकवीसचं, एक तेवीसचं. एकाच्या बदली दोन मिळत्यात, ती बी पळणारी. आन् आपण हितं इचार करत बसलुय!”

“उतरू का?” सदाशिव पोळ म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता चपला काढून खाली आला. मैदानाच्या कोपऱ्यावर त्याचं हॉटेल होतं. कपाळाला माती लावून तो म्हणाला, “आप्पा गेला तर मॅच बघायला कोण येणार? पाखरं?”

“तुझी भजी खपायची न्हाईत म्हणून रडतुयास व्हय?”

“खपत्यात म्हणून तर टीमला चा फुकट मिळतुय, अण्णा! माती लावलीय म्हणून खरं सांगतो, भज्याचं बी हाय माझ्या पोटात. पण आणखी एक हाय. आप्पा पळत न्हाई, ह्ये खरं. पण मधी नुसता उभा ऱ्हायला तरी आपली पोरं शाण्यागत खेळत्यात. त्यो दोन मिंटं बाहीर गेला की समदी कोंबड्यावानी बॉलमागं. दोन पळणारी आणून काय करता? पळणारी दहा हायतच की!”

कठड्यावर हशा पिकला, आणि काही माना डोलल्या. मी सगळं लिहून घेत होतो. अक्षर एवढं सुंदर काढत होतो की परीक्षेत कधी काढलं नसेल.

मग अण्णांनी ठेवणीतला मुद्दा काढला. “बरं, आपलं सोडा. आप्पाचं बघा. कारखाना त्याला कायमची नोकरी देतुय, स्टोअरला. ऱ्हायला क्वार्टर. दोन पोरी हायत त्याला. शिकायच्या हायत, उजवायच्या हायत. पेन्शनीवर आन् चांदीच्या दुधावर ह्ये व्हनार हाय का? आपण ठिवून घिऊ, आन् दोन सालानं गुडघं गेलं की नारळ देऊ. मग कुठला कारखाना इचारनार त्याला?”

यावर सदाशिव पुन्हा कठड्यावर जाऊन बसला. अण्णांचा हिशेबी स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता, पण या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. तेही माती लावून बोलत होते आणि आप्पांच्या पोरींचं त्यांना खरंच वाटत होतं. हा मुद्दा ऐकून माझी लेखणी मात्र अडखळली. कारण त्या नोकरीच्या आड येणारी एकच गोष्ट होती आणि ती गावात दोनच माणसांना माहीत होती. एक आप्पा आणि दुसरा मी.

आप्पांचा उजवा डोळा गेला होता.

दोन वर्षांपूर्वी कराडच्या मैदानावर एक बॉल उसळून त्यांच्या डोळ्यावर बसला. दहा दिवस पट्टी होती. मग पट्टी निघाली, डोळा दिसायला होता तसाच दिसायला लागला, आणि आप्पा म्हणाले, झालं बरं. सगळ्यांनी विश्वास ठेवला. मीही ठेवला असता, पण सरावानंतर एकदा मी त्यांच्या उजव्या हाताला उभं राहून पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि आप्पा समोर बघत म्हणाले, “हणमंता, पाणी दे की रं.” तांब्या त्यांच्या कानापाशी होता. मी तो हळूच मागे घेतला, वळसा घालून डावीकडे गेलो आणि दिला. त्यांनी घोटभर पाणी प्यायलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि दोघांनाही कळलं की दोघांनाही कळलंय.

“मिरजंला दाखवून आलुय,” ते म्हणाले. “डावा ठणठणीत हाय. उजव्यात काय ऱ्हायलं न्हाई.”

“मग खेळणं?”

“हॉकी सोडली तर मी काय करू? सांग की.” मी तांब्या परत घेतला. “कुणाला बोलू नगं,” ते म्हणाले. मी हो म्हटलं.

त्या दिवसापासून मी भोंगा झालो. आप्पा सेंटर हाफ, मी त्यांच्या पाठीशी गोलमध्ये. बॉल त्यांच्या उजव्या अंगानं यायला लागला की मी ओरडायचो, “आप्पा, उजवी!” आणि ते न बघता वळायचे, स्टिक टेकवायचे, बॉल येऊन बरोबर तिच्यावर बसायचा. लोक टाळ्या पिटायचे की आप्पाला पाठीतसुद्धा डोळे आहेत. कुणाला शंका येऊ नये म्हणून मी मधूनमधून इतरांच्या नावानंही ओरडायचो. दोन मोसम हे चाललं. त्यात मी बरेच गोल खाल्ले, कारण माझं अर्धं लक्ष आप्पांच्या उजवीकडे असायचं. पहिल्या फेरीत आम्ही हरलो त्यात आप्पांच्या वयापेक्षा माझा वाटा मोठा होता, हे मी आज मान्य करतो.

आता हे बोललो तर नोकरी गेली, क्वार्टर गेलं, आणि मी शब्द मोडला. न बोललो तर कारखाना एका डोळ्याचा माणूस दोन डोळ्यांच्या भावात घेणार, आणि तिथे आप्पांना ओरडून सांगणारं कुणी नसणार. एखादा बॉल उजवीकडून येईल आणि उरलेला डोळाही घेऊन जाईल, हे चित्र मला वहीच्या पानावर दिसत होतं. मी लिहीत राहिलो.

एकेक जण उतरून बोलून गेला. देऊन टाका म्हणणारे वाढत चालले. शेवटी मेजरसाहेबांनी काठी आपटली. पंच्याहत्तरीचे होते, पण आवाज अजून परेडवरचा होता.

“हणमंता. तू काय बोलला न्हाईस.”

“मी लिहितोय, साहेब.”

“दोन वर्सं तू आप्पाच्या पाठीमागं उभा हायस. तुझ्याइतका त्येचा खेळ कुणी बघितला न्हाई. लिव्हणं ठिव आन् मातीत उतर. सदाशिव, वही धर.”

“मला लिव्हता येत न्हाई, मेजरसाहेब.”

“धरायची हाय, लिव्हायची न्हाई.”

माझी सवलत गेली. मी चपला काढल्या. तेल, ताक, हळद पिऊन ती माती वर्षानुवर्षांची गार झालेली होती. चिमूटभर उचलली, कपाळाला लावली. तेवढ्या वेळात मी एक वाक्य तयार केलं होतं: ‘आप्पांचं भलं होत असेल तर द्यावं.’ वाक्य चांगलं होतं. खोटंही नव्हतं. पण तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं.

“आप्पांना उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई. दोन वर्सं झाली. बॉल कुठनं येतोय ते मी ओरडून सांगतो.”

बाहेर चांदी वैरण खात होती, तिच्या गळ्यातली साखळी वाजलेली ऐकू आली. फडतरे अण्णांचं तोंड उघडं राहिलं. सदाशिवच्या हातातली वही मातीत पडली, आणि कधी नव्हे ते तिला कुणी उचलायला धावलं नाही.

मग जे झालं त्याचं मला आजही हसू येतं. इतका वेळ आप्पाला ठेवा म्हणणारा सदाशिव उसळून म्हणाला, “मग आजच्या आज द्या! कारखान्याला कशापायी सांगायचं? त्यांनी बघून घ्यायचं हुतं!” आणि इतका वेळ द्या म्हणणारे फडतरे अण्णा लालबुंद होऊन त्याच्या अंगावर गेले. “कशापायी सांगायचं? मी क्वार्टरमास्तरकडं अठरा वर्सं काढली, सदा. खराब माल चांगला म्हणून कधी दिला न्हाई. आन् आप्पा काय माल हाय व्हय? तिथं त्येला इजा झाली म्हंजी? तू जाशील त्येच्या पोरींना सांगायला?” दोघेही मातीत उतरायचं विसरले होते. कठड्यावरूनच भांडत होते. मेजरसाहेबांनी काठी आपटायला उचलली ती तशीच हातात राहिली.

“भांडू नका,” दारातून आवाज आला.

आप्पा उभे होते. हाताला वैरणीचा भुसा लागलेला. बैठकीत यायचा त्यांना हक्क नव्हता, पण कुणी तसं म्हणालं नाही. ते हौद्यापाशी आले, वाकून चपला काढल्या आणि खाली माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि बसली असती तर मी तक्रार केली नसती.

त्यांनी माती उचलली, कपाळाला लावली आणि मेजरसाहेबांकडे बघून म्हणाले, “मोहित्यांना म्या पंधरा दिवसामागंच सांगितलंय.”

“काय?” हे आम्ही तिघं-चौघं एकदमच म्हणालो.

“डोळ्याचं. त्यांनी पहिल्यांदा इचारलं तवाच. म्हणलं, एक डोळा न्हाई, पटत आसंल तर बोला. ते म्हणले, आमच्याकडं बावीस डोळं हायत आन् खेळ एकालाबी दिसत न्हाई. तुमी पोरांना शिकवा, जमंल तवा मधी उभं ऱ्हावा. नोकरी देतो ती शिकवायसाठी.”

“मग आमाला का न्हाई सांगितलंस?” मेजरसाहेबांचा आवाज पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसाचा वाटला.

आप्पांनी हातावरचा भुसा झटकला. “परक्याला सांगायला काय लागत न्हाई, साहेब. तुमी मला लंगोट घातल्यापासनं बघितलंय. चांदीचं दूध पाजलंत. तुमाला कुठल्या तोंडानं सांगू, की ह्यो आता अर्धाच हाय?”

एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. मेजरसाहेब उठले, काठी टेकत आले, आणि ज्या माणसानं आठ वर्षांत गुडघ्यांपायी मातीत पाय ठेवला नव्हता तो सदाशिवचा खांदा धरून खाली उतरला. त्यांनी आप्पांच्या पाठीवर हात ठेवला. मी रडत होतो. लाज वाटत होती, पण रडत होतो.

“आन् ह्यो भोंगा,” आप्पा माझ्याकडे वळले. “दोन वर्सं बोंबललास, एकदाबी चुकला न्हाईस. आज बोललास त्येचं मला काय न्हाई वाटत. पण बाहीर गोठ्यात माझ्यापाशी येऊन इचारलं आसतंस, तर तुझं एवढं रगात आटलं नसतं.”

खरंच विचारता आलं असतं. सकाळपासून ते वीस पावलांवर होते. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही, आणि आजवर ती माझ्या मनातून गेलेली नाही.

चार वाजता मोहिते आले. जगताप बंधू ठरले, आप्पा ठरले. सगळं झाल्यावर मेजरसाहेब म्हणाले, “चांदी बी जाईल त्येच्यासंगं.”

“म्हैस?” फडतरे अण्णा ओरडले. “दोन पोरांच्या बदली एक माणूस आन् एक म्हैस?”

“आप्पाला दुसऱ्या म्हशीचं दूध सोसंल का?”

अण्णांनी डोकं धरलं. पण तिसऱ्या दिवशी नदीच्या पुलापर्यंत चांदीचं दावं धरून स्वतः तेच गेले. वाटेत आप्पांना ती किती वाजता धार देते, पेंड किती लागते, कुठल्या अंगाला बसलं की लाथ मारते, हे सगळं दोनदा सांगितलं. तीन वर्षं आप्पाच तिची धार काढत होते, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

पौषात आमच्या जत्रेचा चषक असतो. त्या वर्षी अंतिम सामना आमचा आणि कारखान्याचा लागला. सगळा गाव बांधावर लोटला होता. सामन्याआधी फडतरे अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, “हणमंता, आप्पाचं भलं झालं, आता चषकाचं बघ. बॉल त्येच्या उजव्या अंगानंच न्यायचा असं जगतापाच्या पोरांना सांगितलंय. तू फकस्त तोंड बंद ठेव. तुझ्या तोंडातनं ‘उजवी’ आलं तर तंगडं मोडीन.”

“आता ते समोरच्या टीमचे हायत, अण्णा. मी कशाला वरडू?”

“तुझा भरवसा न्हाई.”

पहिला अर्धा भाग अण्णांच्या मनासारखा झाला. जगताप बंधू खरोखर वाऱ्यासारखे पळत. बॉल आप्पांच्या उजवीकडून काढायचा आणि निघून जायचं. कारखान्याचा गोलकीपर पोरगा “उजवी, उजवी” ओरडायचा, पण आप्पा पुढे चढून आमच्या डीपाशी, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळापाशी, आले की त्याचा आवाज तिकडच्या टोकावरून पोचायचा नाही. आप्पा दोनदा फसले. एकदा वळेपर्यंत बॉल गेला होता आणि ते रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले. बांधावर कुणीतरी हसलं. आमचा एक गोल चढला होता, आणि मला त्याचा काही आनंद होत नव्हता. जन्मात पहिल्यांदा मी अख्खा अर्धा तास न ओरडता खेळलो होतो.

दुसऱ्या भागात आप्पा पुन्हा आमच्या डीपाशी आले. आता ते माझ्याकडे तोंड करून उभे होते, त्यामुळे त्यांची उजवी माझ्या डावीला आली होती. आमच्या फुलबॅकनं बॉल बाहेर काढायला जोरात हाणला. स्टिकचा नेम चुकला आणि बॉल जमीन सोडून उठला. सरळ आप्पांच्या उजव्या कानशिलाकडे. आप्पा डावीकडच्या खेळाडूकडे बघत होते.

“आप्पा, उजवीऽऽ!”

त्यांनी मान अशी मागे टाकली की बॉल नाकासमोरून गेला. तो मागे त्यांच्याच एका पोराला सापडला, त्यानं आप्पांना दिला, आप्पांनी मला बघितलंसुद्धा नाही, हलकेच पुढच्याला सरकवला, आणि बॉल माझ्या पायांमधून गोलात गेला. बरोबरी झाली. कारखान्याची पोरं नाचायला लागली. आप्पा मात्र कानाला हात लावून जागच्या जागी उभे होते.

फडतरे अण्णा बांधावरून धावत गोलच्या मागे आले. धोतराचा सोगा हातात, तोंडातून फेस. “आरं, तू कुणाचा गोलकीपर हायस? ह्यांचा का त्यांचा? तंगडंच मोडतो तुझं!”

“डोक्यात बसला असता, अण्णा!”

“बसला न्हाई न्हवं? आता गप! एक अक्षर काढू नगं!” आणि ते जाळीच्या मागेच उभे राहिले, माझ्यावर पहारा द्यायला.

सात-आठ मिनिटं राहिली असतील. आप्पांकडे पुन्हा बॉल आला, आमच्या डीच्या तोंडावर. समोर कुणी नव्हतं. आणि धाकटा जगताप, सगळ्यांत चपळ, त्यांच्या उजव्या अंगानं मागून येत होता. पावलांचा आवाज न करता. दोन ढांगांत त्यानं बॉल काढून नेला असता. आप्पांना तो दिसत नव्हता, मला दिसत होता. धोक्याचं काही नव्हतं. फक्त बॉल जाणार होता, पुन्हा कुणीतरी हसणार होतं, आणि चषक आमच्या हातून जायचा वाचणार होता. मी ओठ दातांखाली धरले. चषक हवा होता म्हणून नव्हे, अण्णा मागे उभे होते म्हणून.

“आप्पा, उजवीऽऽ!”

आवाज माझा नव्हता. आप्पा गर्रकन वळले, बॉल पायाशी ओढून घेतला, धाकटा जगताप तोल जाऊन पुढे निघून गेला. मी मागे वळून बघितलं. फडतरे अण्णा दोन्ही हातांनी जाळी धरून उभे होते, मान पुढे काढून, डोळे आप्पांच्या उजवीकडे लावून. बांधावरचा सगळा गाव त्यांच्याकडे बघत होता.

“माझ्याकडं काय बघतुयास, गाढवा?” ते माझ्यावर खेकसले. “फुडं बघ! आप्पा आला!”